गुणाजीचा उजवा ढेकर

"माझा पोट म्हणजे मिलचो बॉयलर! खिळे घाल, वाफ होऊन भायर पडतले!"

गुणाजी परब हे दिवसातून एकदा तरी बोलायचा. मालाडला, कुरारच्या डोंगराला चिकटून त्यांची बैठी चाळ होती, तिथल्या पत्र्यांनासुद्धा हे पाठ झालं होतं. गिरणी संपात गेली, तिथला बॉयलर थंड पडला, पण गुणाजीच्या पोटातला काही विझला नाही. त्याने स्टेशन रोडला वड्यांची गाडी टाकली. गाडी झकास चालायची. भानगड एकच होती. संध्याकाळी उरलेले वडे टाकायचे नाहीत, हा गुणाजीचा धर्म. आणि सकाळी लसणीची चटणी स्वतः चाखल्याशिवाय गिऱ्हाइकाला द्यायची नाही, हा दुसरा धर्म. दोन्ही धर्म तो असा कडक पाळायचा की बायकोच्या हातचं पोटभर जेवण, त्यावर उरलेले वडे, त्यावर कडक चहा, त्यावर तंबाखूची चिमूट, आणि लगेच खाटेवर आडवा!

तो आडवा झाला की थोड्या वेळाने चाळीला कळायचंच. ढेकर यायचा.

साधा ढेकर नव्हता हो तो! आधी पत्रे थरथरायचे. मग शेजारच्या शकुची कोंबडी खुराड्यात उठून उभी राहायची. आणि लांब हायवेवर एखादा ट्रकवाला, मागून मोठी गाडी हॉर्न देतेय असं समजून, गपचूप साइड द्यायचा. खोटं वाटत असेल तर त्या ट्रकवाल्याला विचारा.

"छातीत जळता म्हणतंस, घशाशी आंबट पाणी येता म्हणतंस," त्याची बायको वनमाला म्हणायची. "डॉक्टराकडे चल."

"बॉयलर पेटलेलो असा, म्हणान जळता," गुणाजी म्हणायचा. "ज्याचो विझलो, त्येका डॉक्टर!"

वनमाला पुढे काही बोलायची नाही. ती कमी बोलणारी बाई होती. अशा बायकांपासून जपून राहावं, पण गुणाजीला ते कधी कळलं नाही.

त्या वर्षी शिमग्याला चाळीत होळी पेटली. टीव्ही रंगीत झाला होता, पण चाळीला पाण्याचा नळ नव्हता. बायका डोंगराखालून हंडे आणायच्या. होळीपुढे नारळ घेऊन नाना गाऱ्हाणं घालायला उभे राहिले. नाना म्हणजे चाळीतले सगळ्यात म्हातारे, कुडाळकडचे. गावी देवाला कौल लावायचा मान त्यांच्या घराण्याकडे. देवाच्या मूर्तीला उजव्या-डाव्या अंगाला कळ्या चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होय, डावी पडली तर नाही. नाना मुंबईला आले, कौल गावाला भावाकडे राहिला. तेव्हापासून नानांना सगळं असूनही काहीतरी हरवल्यासारखं वाटायचं.

"बा देवा म्हाराजा!" नानांनी सुरुवात केली.

"व्हय म्हाराजा!" चाळ ओरडली.

"ही तुझी लेकरा पोटासाठी मुंबयच्या डोंगरार येऊन रवली हत, म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"हंडे व्हावन बायकांच्यो माना मोडल्यो, म्हाराजा! तर ह्या वर्सा चाळीक नळ येतलो काय नाय, ता तूच काय ता सांग रे म्हाराजा!"

प्रश्न विचारून नाना नेहमीसारखे थांबले. देवही नेहमीसारखा गप्प राहिला. होळीत लाकूड तडतडलं. आणि त्या शांततेत, पुरणपोळ्या, भजी आणि उरलेले वडे पोटात घेऊन मागे उभ्या असलेल्या गुणाजीला तो आला. एकच. पण असा की होळीची ज्वाळा एका बाजूला झुकली!

"व्हय म्हाराजा!" चाळ सवयीने ओरडली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दोन माणसं खांद्यावर पाइप घेऊन चाळीत आली. "इथं नळ बसवायचाय, जागा दाखवा," म्हणाली.

नाना धावतच गुणाजीच्या दारात. "गुणाजी, एकच होतो ना रे?"

"काय?"

"ढेकर!"

"एकच."

"उजवो!" नाना उंबऱ्यातच खाली बसले. त्यांच्या डोळ्यांत पाणी. "उजवो कौल दिल्यान देवान! गावाक ऱ्हवलेलो कौल मुंबयक इलो रे!"

"नाना, तो वड्याचो ढेकर."

"वडो निमित्त!" नाना म्हणाले.

झालं! नानांनी नियमच घालून दिला. एक ढेकर म्हणजे उजवा कौल. लागोपाठ दोन म्हणजे डावा. अर्धा येऊन अडकला तर देव विचार करतोय, पुढच्या सोमवारी या.

सोमवारी संध्याकाळी गुणाजीच्या दारात चपलांचा ढीग पडायला लागला. गुणाजी पाटावर बसायचा, नाना बाजूला नारळ घेऊन. लोक काय काय विचारायचे! गॅसचा नंबर लागेल काय? जावई दारू सोडेल काय? शकुने विचारलं, "माझी दुसरी कोंबडी कुणी चोरली, पलीकडच्या लवूने ना?" देवाने दोनदा ढेकर दिला. लवू सुटला. लवूने दुसऱ्या दिवशी देवाला कोंबडी-वडे आणून दिले. त्यातली कोंबडी कुठली, हे कुणी विचारलं नाही.

पहिल्या सोमवारी गुणाजी लाजत होता. दुसऱ्या सोमवारी त्याने केसांना तेल लावलं. तिसऱ्या सोमवारी तो "देव दमलोहा, चहा आण," असं म्हणायला लागला. आणि नैवेद्य तर काय सांगू! नानांनी लोकांना हळूच समजावलं होतं, देवाला तिखट आवडतं, तेलकट आवडतं, त्याशिवाय बोलत नाही. भजी यायची, काळ्या वाटाण्याचं सांबारं यायचं, मिरच्या तळून यायच्या. गुणाजी सगळं खायचा, ढेकर द्यायचा, लोक समाधानाने जायचे.

पण बॉयलरला आता गळती लागली होती. छातीत निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. आडवा झाला की आंबट पाणी घशापर्यंत चढायचं, ठसका लागून उठून बसायचा. आवाज असा बसला की गाडीवर "गरम वडे" ओरडायला जायचा आणि कुणीतरी पत्रा घासल्यासारखं ऐकू यायचं. एका मंगळवारी छाती धरून तो भिंतीला टेकला.

"वनू," तो खरखरला, "माझो हार्ट गेलो!"

"चल," वनमाला म्हणाली, आणि त्याला रिक्षात घातलं.

डॉक्टर कुडतरकरांनी छातीला नळी लावली. वायरी चिकटवून कागदाची लांब पट्टी काढली. पट्टी इकडून तिकडे वाचली.

"हार्ट ठणठणीत आहे. छातीत जळजळ?"

"होय."

"आडवं झालं की जास्त? वाकलं की?"

"चप्पल घालूक वाकलंय की सकाळची चटणी परत भेटता."

"ढेकर?"

वनमाला म्हणाली, "ढेकर सोमवारी येतात. नानांनी नारळ धरला की."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. वनमालाने सगळं सांगितलं. न हसता सांगितलं, आणि डॉक्टरांनी न हसता ऐकलं.

"हे बघा," ते म्हणाले, "जठराच्या तोंडाशी एक झडप असते. खाल्लेलं खाली जाऊ द्यायचं, आंबट पाणी वर येऊ द्यायचं नाही, हे तिचं काम. तुमची ती सैल झालीय."

"म्हणजे बिजागरी गेली?"

"तसंच समजा. आता ऐका. तिखट, तळलेलं बंद. चहा, तंबाखू बंद. एका वेळी ठासून खायचं नाही, थोडं थोडं खायचं. जेवल्यावर लगेच आडवं व्हायचं नाही आणि लगेच वाकायचंही नाही. पायजम्याची नाडी सैल. डाव्या कुशीवर झोपायचं. आणि खाटेच्या डोक्याकडच्या पायांखाली विटा ठेवा, म्हणजे पाणी वर चढणार नाही. हे पांढरं औषध जेवणानंतर. चांगलं हलवून."

गुणाजीला त्यातलं "बंद" एवढंच ऐकू आलं. वनमालाने मात्र एकेक शब्द आरतीसारखा पाठ केला.

ती उठली तसे डॉक्टर जरा पुढे झुकले. आवाज खाली आणला.

"वहिनी, पथ्य पुढच्या मंगळवारपासून सुरू केलं तर चालेल. मी टेलिफोनसाठी नंबर लावलाय. येत्या सोमवारी तेवढं विचारून..."

"आजपासूनच करणार," वनमाला म्हणाली.

आणि केलं! सकाळी मऊ भात, दुपारी मऊ भात, संध्याकाळी मऊ भात आणि बदल म्हणून दुधीची भाजी. चटणी चाखायला वनमाला स्वतः गाडीवर यायला लागली. खाटेखाली विटा आल्या. गुणाजी डोक्याकडून इतका उंच झाला की झोपेत घसरत घसरत खाली यायचा. सकाळी त्याचे पाय दाराबाहेर. पेपरवाला पेपर त्याच्या दोन अंगठ्यांच्या फटीत खोचून जायचा.

पण गुण आला. छातीतला निखारा विझला, आवाज मोकळा झाला, ढेकर बंद! चाळीत सोमवारी लोक यायचे, नाना नारळ धरायचे, गुणाजी पाटावर बसायचा. काही नाही. लांबून शकुची कोंबडी तेवढी ऐकू यायची.

"आषाढी झाली ना," नाना लोकांना म्हणाले. "देव निजलेत. कार्तिकीक उठतले."

लोकांना पटलं. गुणाजीलाही बरं वाटलं. पण तो सोमवारी मऊ भाताकडे असा बघायचा की भाताला वाईट वाटावं.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. गुणाजीची मुलगी सुलक्षणा अंधेरीला एका कंपनीत नोकरीला होती. तिथलाच एक सुपरवायझर चंद्रप्रकाश, घाटकोपरचा, त्यांच्यातलाच. मुलगा सरळ, मुलगी सरळ, दोघांचं जमलं होतं, आणि दिवाळीनंतर तिने ते घरात सांगितलंही. गुणाजी खूश, वनमाला खूश. पण चंद्रप्रकाशची आई! मालनबाई. त्यांच्या घरात कौलाशिवाय पान हलायचं नाही. भाड्याची खोली बदलायची, कौल. पंखा घ्यायचा, कौल. चंद्रप्रकाशसाठी आधी दोन मुली बघितल्या होत्या, दोन्ही वेळा मालनबाईंनी गावी माणूस पाठवून कौल मागवला, तो डावाच आला.

एका संध्याकाळी सुलक्षणा घरी आली ती पर्स फेकूनच खाली बसली.

"वाट लागली! त्याच्या आईला कुणीतरी सांगितलं, मालाडला देव ढेकरांनी कौल देतो म्हणून. तिला अजून हे माहीतच नाही की देव म्हणजे आपले बाबा! म्हणते, गावी कशाला जायचं, येत्या सोमवारी मुलगीही बघू आणि तिथंच कौलही घेऊ. उजवा आला तर साखरपुडा. डावा आला तर संपलं. आणि काहीच आलं नाही तर, तिच्या मते, तेही संपलं!"

गुणाजीने पोटावर हात ठेवला. पोट गाईसारखं शांत होतं.

"बाबा," सुलक्षणा म्हणाली, "मी तुमच्याकडे आयुष्यात काही मागितलं? एक ढेकर मागते. एकच."

"पोरी, माझो बॉयलर विझलो गो!"

"मग खोटा काढा ना!"

गुणाजीने डोळे मिटले, हवा गिळली, मान पुढे केली. सायकलच्या पंपातून निघतो तसा बारीक आवाज आला. बाहेरून नानांनी विचारलं, "कोणाची हवा गेली?"

"बघ," गुणाजी म्हणाला. "नाना कौलाच्या घराण्यातलो. खोटो लगेच वळखतलो. आणि देवाच्या नावान खोटो ढेकर? माझी जीभ झडात!"

"मग खरा आणायचा," सुलक्षणा म्हणाली.

त्या सोमवारी सकाळपासून गुणाजी कामाला लागला. डॉक्टरांनी जे जे सांगितलं होतं ते ते उलटं. उपाशीपोटी कडक चहा. त्यावर चटणी, नुसती, वाटीने. मग भजी. मग मिरच्या. नाडी इतकी आवळली की पोटाचे दोन मजले झाले. मग उजव्या कुशीवर सपाट आडवा. मग उठून वाकून पायाचे अंगठे धरले. मुलीसाठी बाप काय काय करतो! आणि मनातल्या मनात, खोटं कशाला बोला, भजी खाताना तो देवाचे आभारही मानत होता.

काही नाही. बारीकशी उचकीसुद्धा नाही. पथ्याने पोट असं सुधारलं होतं की आलेलं सगळं ते शांतपणे पचवत बसलं.

"वने, येणा नाय गो!" दुपारी तो रडकुंडीला आला.

वनमाला चुलीपुढे भजी तळत होती. तिने वळूनही बघितलं नाही.

"येतलो," ती म्हणाली.

मालनबाई आल्या. मागे चंद्रप्रकाश, इस्त्री केलेल्या शर्टात घामाघूम. बाई ठसठशीत, नऊवारी घट्ट आवळून नेसलेली, नजर अशी की भिंतीवरच्या कॅलेंडरने पान उलटावं. खोलीभर नजर फिरवली. सुलक्षणाकडे बघून "बरी हा," एवढंच म्हणाल्या. मुलीचा बापच देवाच्या पाटावर बसलेला बघून त्या जरा चमकल्या, आणि मग त्यांनी डोक्यावर पदर घेतला.

"आधी कौल," त्या म्हणाल्या.

"आधी जेवण," वनमाला म्हणाली. "देव उपाशी पाहुण्याला कौल देत नाही. इथला नियमच आहे."

असा नियम नव्हता. नानांनी तोंड उघडलं. वनमालाने त्यांच्याकडे बघितलं. नानांनी तोंड मिटलं.

पान वाढलं. गरम वडे, तेल निथळतंय असे. काळ्या वाटाण्याचं सांबारं, लालभडक. मिरच्यांची भजी. लसणीची चटणी, गाडीवरची. मालनबाई आधी जरा लाजल्या, मग म्हणाल्या, "माका काय होणा नाय. माझा पोट म्हणजे दगडी जाता. घाला कायपण, पीठ!"

हे ऐकून गुणाजीला उगाच वाईट वाटलं. ओळखीचं माणूस लांबच्या प्रवासाला निघालं की वाटतं तसं.

"घ्या ना अजून," वनमाला म्हणाली. "वडा गरम आहे. सांबारं घ्या. संकोच करू नका." मालनबाईंनी संकोच केला नाही. शकु वाढायला मदत करत होती, तिने कानात विचारलं, "वनमालाकाकी, सोलकढी?"

"नाही केली."

"पाहुण्यांना सोलकढी नाही?"

"गप्प गं!"

जेवण झाल्याबरोबर कडक चहा आला. चहा झाल्यावर वनमालाने चटई अंथरली. "दमलात. घाटकोपरवरून आलात. जरा आडव्या व्हा. या अशा, उजव्या कुशीवर व्हा, तिकडून वारा येतो." मालनबाई आडव्या झाल्या. डोळा लागला. थोड्या वेळाने वनमालानेच उठवलं. "चला, दिवे लागले. देवाला नमस्कार करून घ्या. असा नाही, पूर्ण वाकून. पाच वेळा वाकतात आमच्याकडे."

गुणाजी पाटावर बसून बघत होता. त्याच्या मनात काहीतरी सरकत होतं, पण नेमकं काय ते ध्यानात येईना. नळी. झडप. वाकायचं नाही. आडवं व्हायचं नाही. त्याने वनमालाकडे बघितलं. वनमाला हात जोडून उभी होती, देवळातल्या समईसारखी.

नानांनी नारळ उचलला.

"बा देवा म्हाराजा! ही घाटकोपरची पावणी तुझ्या दारात इली हा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" दाराबाहेर अख्खी चाळ होती.

"चंद्रप्रकाश आणि सुलक्षणा ह्येंची गाठ तू बांधतलंस काय नाय, ता सांग रे म्हाराजा!"

सगळे गुणाजीकडे बघायला लागले. गुणाजीने जोर लावला. कपाळाची शीर फुगली, कान लाल झाले. सुलक्षणाने ओढणी दातात धरली. चंद्रप्रकाशने डोळे मिटले. पोट शांत! मालनबाई एकदा वाकल्या, दोनदा वाकल्या, पाचव्यांदा वाकून उठता उठता म्हणाल्या, "देव गप असा. म्हणजे नाय—"

आणि तिथेच थांबल्या. तोंड उघडंच राहिलं. नजर दूर कुठेतरी लागली.

आला!

काय तो ढेकर! गुणाजीने आयुष्यात दिलेले सगळे ढेकर त्यापुढे बाळाचे. समई फडफडली. कॅलेंडर खिळ्यावरून उतरलं. शकुची कोंबडी आधी उठली आणि मग, जन्मात पहिल्यांदा, आरवली!

"व्हय म्हाराजा!" चाळीने छप्पर उचललं.

"उजवो!" नाना किंचाळले. "प्रत्यक्ष व्हरमायच्या मुखातून! असो कौल मी गावाकपण बघूक नाय!"

मालनबाई छातीवर हात ठेवून उभ्या. "माझ्यात... माझ्यात इलो?" पण गुणाजी त्यांच्या गळ्याकडे बघत होता. त्या कामात त्याचा हात धरणारा चाळीत दुसरा नव्हता. गळ्याची घाटी खाली गेली, थांबली, आणि सावकाश परत वर चढायला लागली. दुसरा निघाला होता. दुसरा आला की डावा! सुलक्षणाचा संसार त्या घाटीवर टांगलेला!

"वने!" त्याच्या तोंडून निघालं.

वनमाला पुढे झालीच होती. हातात देवाची पळी. "तीर्थ घ्या, आ करा!" मालनबाईंनी भक्तिभावाने आ केला. वनमालाने पळी ओतली. पुन्हा भरली, पुन्हा ओतली. पांढरं, दाट, चांगलं हलवलेलं.

घाटी थांबली. अख्खी चाळ थांबली. घाटी हळूहळू खाली गेली.

"तीर्थाक पेपरमिंटाचो वास येता," मालनबाई ओठ पुसत म्हणाल्या.

"नवी तुळस लावलीय," वनमाला म्हणाली.

"छातीत कसा थंड वाटला गो!" मालनबाईंचा आवाज मऊ झाला. त्यांनी सुलक्षणाला जवळ घेतलं आणि तिच्या हातात साखर ठेवली. चंद्रप्रकाश चुकून नानांच्या पाया पडला, मग वनमालाच्या, मग शकुच्या.

आणि नेमकं तेव्हाच, सकाळपासूनची भजी, चटणी आणि मिरच्या गुणाजीच्या पोटात जाग्या झाल्या. एक त्याने गिळला. दुसरा गिळला. तिसरा दाताशी आला. पाहुणे समोर, साखर हातात! तोंडावर दोन्ही हात दाबून तो उठला, दारातून सुटला, आणि चाळीच्या टोकाला संडासात जाऊन त्याने कडी लावली. मग जे सुरू झालं! उजवा, डावा, उजवा, डावा, मध्ये दोन अडकलेले, परत उजवा. बाहेर टमरेल घेऊन रांग लागली. शेवटी नाना काठीने दार ठोठावायला लागले.

"गुणाजी! आत कोणाच्या प्रश्नाक उत्तर देतंस रे?"

पाहुणे गेल्यावर वनमालाने त्याच्यापुढे मऊ भात ठेवला.

"म्हणजे तू त्या बाईक मुद्दाम..."

"मी पाहुणचार केला," वनमाला म्हणाली. "जेव."

लग्न माघात झालं, मुलुंडच्या एका हॉलमध्ये. तोपर्यंत घाटकोपरला मालनबाईंच्या दारात दर सोमवारी चपलांचा ढीग पडायला लागला होता. नाना हातात नारळ घेऊन रिक्षाने तिकडे जायचे. मालाडच्या पाटावर कुणी बसत नव्हतं. कुडतरकर डॉक्टरसुद्धा एकदा तिकडे जाऊन आले. उजवा कौल आला, टेलिफोन काही आला नाही, पण त्यांची श्रद्धा कमी झाली नाही. सुलक्षणाला तर सासरी पाऊल टाकायच्या आधीच वनमालाने दोन वस्तू दिल्या होत्या. एक पांढऱ्या औषधाची बाटली आणि एक पळी.

लग्नाच्या पंगतीत गुणाजी मुलीचा बाप म्हणून मानाच्या पाटावर बसला. वनमाला दुसऱ्या टोकाला वाढत होती. त्याने इकडे बघितलं, तिकडे बघितलं, आणि शेजाऱ्याच्या पानातली तीन भजी आणि वाटीभर सांबारं आपल्याकडे ओढलं. किती महिन्यांनी! डोळे मिटून खाल्लं.

आणि पंगत ऐन भरात असताना तो आला. एकच. जुना, खणखणीत, बॉयलरचा! पंगत थबकली. हात ताटातच राहिले. गुणाजीने छाती पुढे काढली, मान वर केली आणि "व्हय म्हाराजा!" ऐकायला कान टवकारले.

सगळ्यांनी आदराने मालनबाईंकडे बघितलं. देवाचं त्यांनाच कळणार ना!

मालनबाईंनी गुणाजीकडे नीट बघितलं. मग हात हलवून म्हणाल्या,

"काय नाय, जेवा. व्याह्यांका ॲसिडिटी असा."